अंगठा, पासवर्ड आणि आपण

माझ्या आज्याला सही येत नव्हती. तो अंगठा करी. सावकाराच्या ओसरीवर शाईची डबी पुढे सरकवली जाई, लिहिलेल्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले जाई आणि आजा तिथे अंगठा टेकवी. कागदात काय लिहिले आहे हे त्याला सांगणारा माणूस तोच, ज्याने तो कागद लिहिलेला असे. अक्षर न येणाऱ्या शेतकऱ्याला कागदाच्या वाटेने कसे नागवले जाते, हे महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सविस्तर मांडून ठेवले आहे. आमच्या घरात तो कागद स्वतः वाचू शकणारा पहिला माणूस मी. म्हणून अशी माझी समजूत होती की आमच्यापुरता तरी हा प्रश्न मिटला.

ती समजूत गेल्या वर्षी मोडली. पावसाळ्याच्या शेवटी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. आईवडील ऊसतोडीला जाणारे. तिला फोन आला होता. “समाजकल्याण ऑफिसातून बोलतोय. तुमच्या शिष्यवृत्तीचे पैसे परत चाललेत. आधार बँकेला जोडलेलं नाही.” आवाज ऑफिसातल्या माणसासारखाच, थोडा त्रासलेला. त्याने व्हॉट्सअॅपवर एक फाईल पाठवली आणि ती उघडायला सांगितली. फाईल म्हणजे एक अॅप होते. ते फोनमध्ये बसले, त्याने तिचे मेसेज वाचायची परवानगी मागितली, तिने ती दिली. मग त्याच अॅपमध्ये एटीएम कार्डाचा नंबर आणि पिन भरला. वडिलांनी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतले काही पैसे तिच्या खात्यात ठेवले होते. ते तीन वेळा मिळून सगळे गेले. चार दिवस ती कोणाशी बोलली नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “शिकलेली ना तू? मग नंबर दिलास कशाला?” वडील मागे उभे होते. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, “सर, सरकारचा फोन हुता. सरकारला नाही कसं म्हनायचं?”

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितो आहे. संगणकीय गुन्हेगारीबद्दल आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात यंत्राचे कौतुक फार असते. कोणी तरी अंधाऱ्या खोलीत बसून अंकांची कुलपे फोडतो आहे, असे चित्र उभे केले जाते. तसे लोक आहेत, नाही असे नाही. पण बहुतेक चोऱ्या कुलूप फोडून होत नाहीत. किल्ली मागून होतात. माणूस ती आपल्या हाताने देतो. कोण किल्ली लवकर देतो, कोणत्या आवाजाला घाबरून देतो, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना साहेबाच्या प्रश्नाला उलटा प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती, त्यांच्या घरात आता प्रत्येकाच्या खिशात साहेबाचा आवाज घेऊन येणारे यंत्र आले आहे.

थोडा इतिहास पाहिला पाहिजे, कारण ज्या व्यवस्थेत आपण आज वावरतो तिची घडण समजल्याशिवाय तिच्या भेगा दिसत नाहीत. एका संगणकावरून जाळ्यातल्या दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवण्याची सोय अमेरिकेत रे टॉमलिन्सन याने १९७१ साली केली. पत्त्यामधले ‘अॅट’चे चिन्ह त्याचेच. पत्र एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसे द्यावे याचे नियम जॉन पोस्टेल याने १९८२ साली लिहिले आणि आजचा ईमेल मुळात त्याच नियमांवर चालतो. त्या काळी हे जाळे विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्यापुरते होते. माणसे थोडी, बहुतेक एकमेकांना ओळखणारी. त्यामुळे पत्र पाठवणारा स्वतःचे जे नाव लिहील ते खरे आहे की नाही, हे तपासण्याची तजवीज त्या नियमांत ठेवलीच नाही. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचे नाव कोणीही कोणाचेही लिहू शकतो आणि पोस्टमन ते तपासत बसत नाही, तसेच हे. पुढे पाठवणारे यंत्र खरे आहे का हे पडताळण्याच्या रीती जोडल्या गेल्या, मोठ्या कंपन्या त्या वापरतात, बरीच खोटी पत्रे परस्पर कचऱ्यात टाकतात. तरी मूळ घराला दार नव्हते, दार नंतर बसवले, ही गोष्ट विसरता येत नाही.

विश्वासावर उभ्या असलेल्या या जाळ्याला पहिला मोठा धक्का २ नोव्हेंबर १९८८ रोजी बसला. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने स्वतःच्या नकला करत पसरणारा एक प्रोग्राम सोडला आणि सुमारे सहा हजार संगणक अडकले, असा तेव्हाचा अंदाज होता. त्यात पैशाचा हेतू नव्हता. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेले ‘आय लव्ह यू’ नावाचे पत्र जगभर फिरले. प्रेमपत्र समजून लोकांनी त्याला जोडलेली फाईल उघडली आणि ते पत्र त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांना आपोआप गेले. ते तयार करणारा तरुण सापडला, पण त्या देशात अशा कृत्याविरुद्ध कायदाच नसल्याने त्याच्यावरचा खटला टिकला नाही. आपल्याकडचा माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला अमलात आला. त्यात २००८ साली केलेल्या दुरुस्तीने दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख चोरणे (कलम ६६ क) आणि संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणे (कलम ६६ ड) हे तीन वर्षांपर्यंत कैदेचे गुन्हे ठरले.

त्यानंतर धंदा पैशाकडे वळला. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या हिशेबात देशातले सायबर गुन्हे २०२१ साली ५२,९७४, २०२२ साली ६५,८९३ आणि २०२३ साली ८६,४२० झाले. हे फक्त पोलिसांनी दाखल करून घेतलेले. केंद्र सरकारने २०२५ साली लोकसभेत सांगितले की अशा फसवणुकीत लोकांचे २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी रुपये गेले आणि २०२४ साली सुमारे २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. महाराष्ट्राच्या अनेक खात्यांना वर्षाला एवढा निधी मिळत नाही.

फसलेला माणूस मूर्ख असतो ही समजूत आधी काढून टाकली पाहिजे, कारण तीच माणसाला चार दिवस गप्प बसवते. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर गेले. चोरांचा बेत त्याहून कितीतरी मोठा होता. अमेरिकेच्या न्यायखात्याने पुढे या प्रकरणात जी कागदपत्रे मांडली त्यांत दिसते की चोरांनी बँकेतल्या लोकांना नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराच्या नावाने ईमेल पाठवले होते. अर्ज पाहायला म्हणून दुवा दाबला गेला. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. त्यातली मोठी रक्कम अठ्ठावीस देशांतल्या एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनी काढली गेली. ज्यांच्या पदरी तंत्रज्ञ आहेत, पहारेकरी आहेत, त्यांची ही गत. मग उसाच्या फडातून आलेल्या पोरीला “शिकलेली ना तू?” असे विचारण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे पत्ता वाचणे. मी साक्षरता हा शब्द इथे जाणूनबुजून वापरतो. आलेल्या ईमेलवर वर जे ठळक नाव दिसते, ‘शिष्यवृत्ती विभाग’ किंवा एखाद्या बँकेचे, ते पाठवणाऱ्याने स्वतः टाकलेले नाव असते. त्यावर बोट दाबले की मागचा खरा पत्ता दिसतो. तिथे ‘अॅट’च्या पुढे काय आहे हे पाहायचे. संकेतस्थळाच्या पत्त्याचेही तसेच. तो डावीकडून वाचला की माणूस फसतो. टपाल निवडणारा माणूस आधी पिनकोड आणि जिल्हा पाहतो, घर नंबर शेवटी, तसा हा पत्ता उजवीकडून वाचायचा असतो. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून त्यानंतरची पहिली तिरपी रेघ जिथे येते, तिथून मागे यायचे. महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन यात शेवटचे दोन तुकडे ‘जीओव्ही डॉट इन’ आहेत आणि ते नाव सरकारी कचेऱ्यांखेरीज कोणाला मिळत नाही. पण महाडीबीटी डॉट जीओव्ही डॉट अमुक-तमुक डॉट कॉम असा पत्ता असेल तर ते घर अमुक-तमुकचे. आधीचे सगळे शब्द त्याने आपल्या दारावर रंगवलेले आहेत. गावाबाहेरच्या टपरीवर कोणी ‘जिल्हाधिकारी कार्यालय’ अशी पाटी लावली तर टपरी कचेरी होत नाही.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्राबद्दलही बराच गैरसमज आहे. कुलूप दिसले म्हणजे जागा खरी, असे अजून काही ठिकाणी शिकवले जाते. कुलपाचा अर्थ इतकाच की तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मध्ये कोणी पत्र वाचू शकणार नाही. पाकीट बंद आहे. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे की चोर, हे बंद पाकीट सांगत नाही. चोरही आता कुलूप लावतात. गूगलने २०२३ साली आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते चित्रच काढून टाकले, त्याचे कारण हेच.

दुसरी गोष्ट पासवर्ड. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी एमआयटीमध्ये एकच संगणक पुष्कळ जण वाटून वापरू लागले तेव्हा प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. १९६२ साली तिथल्याच अॅलन शेर नावाच्या संशोधकाला वाट्याला आलेले तास पुरेनात, म्हणून त्याने सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली. पासवर्डाइतकीच पासवर्डाची चोरीही जुनी आहे. यादी जशीच्या तशी ठेवली तर ती पळवता येते, म्हणून चांगल्या ठिकाणी आता पासवर्डाचे गणिती पीठ करून ठेवतात. पिठापासून दाणा पुन्हा होत नाही. तुम्ही दाणा दिलात की तो पुन्हा दळतात आणि आधीच्या पिठाशी जुळतो का ते पाहतात. पण एकाच जातीच्या दाण्याचे पीठ सारखेच निघते. म्हणून चोर लोकांचे आवडते शब्द आधीच दळून ठेवतात आणि पळवलेल्या पिठाशी ताडून पाहतात. याहू कंपनीकडून २०१३ साली अशी माहिती चोरीला गेली. कंपनीने २०१७ साली कबूल केले की तेव्हाची सगळीच, म्हणजे तीन अब्ज खाती त्यात होती.

इथे आपल्या लोकांना एक सांगितले पाहिजे. आमच्या वस्तीत दहा फोन उचलावेत आणि ‘जयभीम’ किंवा ‘१४०४’ टाकून पाहावे, निदान चार तरी उघडतील अशी मला दाट शंका आहे. श्रद्धा मनात असावी, ती पासवर्डात नसावी. जे सगळ्या गावाला माहीत आहे ते गुपित कसे होईल? तीच गोष्ट मुलाच्या नावाची आणि जन्मसालाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहिले तर तो पासवर्ड लांब होतो, लक्षात राहतो, आणि त्याचा अंदाज बांधणे फार कठीण असते. ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती आता जाणकार करत नाहीत. त्या सक्तीने माणसे शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. लांबी असावी आणि तो दुसरीकडे कुठे वापरलेला नसावा, हे जास्त महत्त्वाचे. दहा ठिकाणी एकच पासवर्ड असेल तर एका दुकानातून फुटलेली किल्ली दहा घरे उघडते. सगळे पासवर्ड वेगळे ठेवणे ज्याला झेपत नाही त्याने निदान ईमेलचा पासवर्ड वेगळा ठेवावा. ‘पासवर्ड विसरलो’ म्हटले की बाकीच्या बहुतेक खात्यांची नवी किल्ली ईमेलवरच येते. ईमेल ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात बाकी सगळे.

आणि नेमके तेच आपल्या मुलांच्या ताब्यात नसते. भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाईन झाला तेव्हापासून नेट कॅफेवाला हा नवा तलाठी झाला आहे. तोच मुलाचा ईमेल उघडून देतो, तोच पासवर्ड ठरवतो. बहुधा मुलाचे नाव आणि पुढे ‘अॅट १२३’. पासवर्ड हरवला तर ज्या मोबाईलवर संदेश जायचा तो नंबर पुष्कळदा कॅफेवाल्याचाच असतो. मी त्याला चोर म्हणत नाही. पुढच्या वर्षी मुलगा पासवर्ड विसरून येणार हे त्याला अनुभवाने ठाऊक असते आणि त्याच्या दृष्टीने ही सोयच आहे. पण त्याच्या वहीत शंभर मुलांच्या किल्ल्या लिहिलेल्या असतात आणि ती वही काउंटरवर उघडी पडलेली असते. माझ्या त्या विद्यार्थिनीचे ईमेल आम्ही उघडायला गेलो तेव्हा कळले की ते तिला स्वतःला उघडताच येत नव्हते. खाते तिच्या नावाचे, किल्ली दुसऱ्याची. आज्याच्या कागदापासून आम्ही किती पुढे आलो, असे मी मनात म्हणालो.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन परतीचा मोबाईल नंबर आणि दुसरा ईमेल कोणाचा आहे हे पाहावे, कोणकोणत्या यंत्रांवर आपले खाते उघडे राहिले आहे ती यादी पाहावी, अनोळखी यंत्रे बाहेर काढावीत आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. तिचा अर्थ असा की पासवर्ड चोराला मिळाला तरी तुमच्या फोनवरची दुसरी खूण त्याच्याजवळ नसते. ही खूण मेसेजने येण्यापेक्षा फोनमधल्या ऑथेंटिकेटर अॅपवर असलेली बरी, कारण बनावट कागदावर तुमच्या नंबराचे दुसरे सिमकार्ड काढून मेसेज पळवता येतात.

पैशाच्या बाबतीत एकच नियम अंगी मुरला तरी पुष्कळ संकटे टळतील. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीही लागत नाही. “पैसे जमा करतो, पिन टाका” असे जो म्हणतो तो पैसे काढत असतो. ओटीपी ही तुमची सही आहे. फोनवर आलेल्या फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती फाईल वाचायची यादी नाही, ते घरात शिरणारे अॅप आहे, मग ती मामाच्या नंबरवरून का आलेली असेना. मामाचाही फोन गेलेला असू शकतो.

‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा जो प्रकार निघाला आहे त्याचा विचार मला या सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो निव्वळ भीतीवर चालतो. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो. तुमच्या आधारवर अमली पदार्थांचे पार्सल सापडले आहे म्हणतो, कॅमेरा बंद करायचा नाही म्हणतो, घरच्यांना सांगितले तर त्यांनाही आत टाकू म्हणतो. २०२४ साली लुधियानाचे उद्योगपती एस. पी. ओसवाल यांना याच पद्धतीने सात कोटींना फसवले गेले. त्यांच्यापुढे सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली होती. भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक असा प्रकारच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही नाही. अटकेचे कारण सांगावे लागते, नातेवाईकाला कळवावे लागते, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. यातले चोवीस तासांचे आणि कारण सांगण्याचे बंधन संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदातच आहे. संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन आपण ठिकठिकाणी करतो, ते चांगलेच आहे. बाविसावा अनुच्छेदही एकदा मोठ्याने वाचून दाखवायला हवा. त्या फोनवर “वॉरंट कुठे आहे, ठाणे कोणते, मी वकील घेऊन येतो” असे म्हणणारा माणूस सहसा फसत नाही.

कार्यकर्त्यांसाठी यापुढची गोष्ट जास्त गंभीर आहे. भीमा कोरेगाव प्रकरणात जून २०१८ मध्ये अटक झालेल्या रोना विल्सन यांच्या संगणकाच्या प्रतीची तपासणी बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये पुढे आला. त्यात म्हटले आहे की १३ जून २०१६ रोजी वरवरा राव यांच्या खात्यावरून आलेल्या ईमेलमधली फाईल उघडल्याने नेटवायर नावाचा प्रोग्राम संगणकात बसला, पुढे बावीस महिने परकी व्यक्ती त्या संगणकात वावरत होती आणि पुरावा म्हणून दाखवलेली पत्रे त्याच वाटेने तिथे ठेवली गेली. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे मान्य केले नाही. सरकारी प्रयोगशाळेच्या तपासणीत असे काही आढळले नाही, अशी तिची भूमिका आहे. विल्सन आणि ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे यांना मुंबई उच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२५ रोजी जामीन दिला तेव्हा खटला सुरू न होताच साडेसहा वर्षे झाली होती. कोण खरे, कोण खोटे, हा निवाडा न्यायालयाचा. पण नेटवायर हा कोणालाही विकत मिळणारा स्वस्त प्रोग्राम होता, मार्च २०२३ मध्ये त्याच्या विक्रीचे संकेतस्थळ अमेरिकेच्या तपासयंत्रणेने जप्त केले, हे जगजाहीर आहे. त्यावरून कार्यकर्त्याने घ्यायचा बोध सरळ आहे. ओळखीच्या नावावरून आलेली फाईलही, विशेषतः गुंडाळून पाठवलेली आणि आग्रहाने उघडायला लावलेली, फोन करून विचारल्याशिवाय उघडू नये. फोन आणि संगणकाला जे अद्ययावत करण्याचे संदेश येतात ते पुढे ढकलू नयेत, कारण भेगा त्यानेच बुजतात. मोर्च्याच्या निवेदनापासून सभासदांच्या यादीपर्यंत सगळे एकाच लॅपटॉपवर आणि तो लॅपटॉप कार्यालयात सगळ्यांसाठी उघडा, ही आपली जुनी चळवळीतली मोकळीक आता परवडणारी नाही.

अंगठ्याकडे परत येतो. आजचा अंगठा यंत्रावर टेकतो. आधार क्रमांक आणि अंगठा यांवर गावातल्या बँक मित्राकडून पैसे काढता येतात, तिथे ना पिन लागतो ना ओटीपी. २०१८ साली तेलंगणात असे उघडकीस आले की जमिनीच्या नोंदणीखत्यांवरचे अंगठे सरकारी संकेतस्थळावरून उतरवून एका सिमकार्ड विक्रेत्याने त्यांचे रबरी ठसे बनवले होते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. आधारच्या संकेतस्थळावरून किंवा अॅपमधून तो कुलूपबंद करता येतो, त्यासाठी आधारला आपलाच मोबाईल जोडलेला लागतो. मात्र हे सांगताना शहरी माहितीपत्रके एक गोष्ट गाळतात. कुलूप लावले की रेशन दुकानातले यंत्रही अंगठा घेत नाही. तेव्हा रेशनच्या दिवशी ते थोड्या वेळापुरते उघडायचे, हे घरातल्या कोणाला तरी शिकवून ठेवावे लागते. नाही तर सुरक्षेच्या नावाखाली म्हातारी धान्याविना परत येते.

दुसऱ्या बाजूलाही आपलीच माणसे आहेत, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. चोरीचा पैसा ज्या खात्यांतून फिरतो ती खाती पुष्कळदा बेकार पोरांची असतात. चार-पाच हजार रुपयांसाठी पासबुक, कार्ड आणि सिम दुसऱ्याला देतात. “फक्त खातं वापरायला दे” म्हणतात. पोलीस पहिल्यांदा त्याच दारात येतात, कारण नाव त्याचे असते. कॉसमॉस प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली अकरा जणांना शिक्षा दिली, ते बनावट कार्डांनी पैसे काढणारे हात होते. आणि फोनवर बोलणारा आवाजही नेहमी मालकाचा नसतो. कंबोडिया, म्यानमारमध्ये नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना कोंडून त्यांच्याकडून ही फसवणूक करवून घेतली जाते. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने म्यानमारमधल्या अशा ठिकाणांहून सुटलेले पाचशेहून अधिक भारतीय विमानाने परत आणले. परदेशात डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून कोणी वस्तीत फिरत असेल तर त्याचा पत्ताही उजवीकडून वाचावा.

एवढे करूनही फसणूक झाली तर वेळ घालवू नये. १९३० हा क्रमांक लावावा आणि सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार करावी. पैसे एका बँकेतून दुसरीत, तिथून तिसरीत काही तासांत पळतात. ते वाटेत असताना कळले तर गोठवता येतात, बाहेर काढले गेले की हात रिकामे. बँकेलाही त्याच वेळी लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे ठरले की चूक ग्राहकाची नसेल आणि बँकेचीही नसेल, पण तीन कामाच्या दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर भार नाही. ग्राहकाने स्वतः पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे चार दिवसांची लाज फार महाग पडते. तक्रार घेत नाहीत असे झाल्यास अर्ज लिहून द्यावा आणि त्यावर शिक्का मागावा. जातीवरून ऑनलाईन शिवीगाळ झाली तर ती पुसून टाकण्याआधी तिचा पत्ता आणि स्क्रीनशॉट जपून ठेवावा. इंटरनेटवरचा जातीय अपमानही अॅट्रॉसिटी कायद्याखाली येऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले आहे.

त्या विद्यार्थिनीचे पैसे परत आले नाहीत. तक्रारीचा क्रमांक तेवढा तिच्या वहीत आहे. आता शनिवारी दुपारी आम्ही काही जण ग्रंथालयात बसतो. मुले आपले फोन घेऊन येतात आणि आपले ईमेल खरोखर आपल्या ताब्यात आहे का ते पाहतात. ती मुलगी बाकीच्यांना परतीचा नंबर कुठे दिसतो ते दाखवते. दिवाळीनंतर तिचे वडील पुन्हा कारखान्यावर गेले. जाण्याआधी त्यांनी तिच्याकडून आपल्या फोनवर एकच गोष्ट करून घेतली. कोणत्या बटणाने कॉल बंद होतो तिथे नखाने ओरखडा काढून घेतला.